एका अक्षराचा फरक

आप्पांनी दोन्ही खोकी दोन हातांत घेतली आणि तराजूच्या पारड्यांसारखी वरखाली करून बघितली.

"वजन तर सारखंच लागतंय," ते म्हणाले.

काउंटरपलीकडचे मुल्लाणी हसले नाहीत, म्हणून मला ते बरे वाटले. आधीच्या दोन दुकानांत हसले होते.

"सारखंच लागणार, काका. आत पंख्याचंच वजन असतं. खरी वस्तू एवढीशी, मारीच्या बिस्किटाएवढी."

कोल्हापुरात, राजारामपुरीतलं हे आमचं तिसरं दुकान. २०१३ सालचा एप्रिल होता. आम्ही गडहिंग्लजहून पहाटेच्या गाडीनं आलो होतो आणि आता बारा वाजून गेले होते. माझे आप्पा, शिवलिंग मगदूम, गडहिंग्लज डेपोत हेड मेकॅनिक होते. त्याच वर्षी जानेवारीत ते निवृत्त झाले. आयुष्य एसटीच्या गाड्यांखाली झोपून काढलेला माणूस. कंप्युटरला त्यांनी तोवर बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांच्या शबनममध्ये एक चाळीस पानी वही होती, आणि ती वही दोन महिन्यांत जवळजवळ भरली होती. बँकेत कंप्युटर दुरुस्तीला येणारा माणूस, कॉलेजच्या लॅबमधले सर, डेपोतला आरक्षणाच्या खिडकीवरचा क्लार्क, बेंगळुरूला असणारा माझा आतेभाऊ, अशा सगळ्यांना विचारून कोण काय म्हणालं ते आप्पांनी आपल्या मोठ्या, पसरट अक्षरात लिहून घेतलं होतं.

कंप्युटर घ्यायचा होता माझ्यासाठी. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि तीन वर्षांपूर्वी सासर सोडून माहेरी परत आले होते. पहिलं वर्ष घराबाहेरच पडले नाही. मग आईच्या ओळखीनं बसस्टँडजवळच्या कोरींच्या फोटो स्टुडिओत जायला लागले. सुरुवातीला पावत्या लिहायचे, फोटो कापायचे. हळूहळू लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग शिकले. हात बसला. कोरी म्हणाले, "तुमचं स्वतःचं मशीन असलं तर सगळी लग्नं तुमच्याकडेच देतो. घरी बसून करा." हे मी जेवताना आईला सांगितलं. आप्पा शेजारी ताटावर बसले होते.  दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वही विकत आणली.

सगळं ठरत आलं होतं. स्क्रीन ठरला, डबा ठरला. अडलं होतं प्रोसेसरवर. प्रोसेसर म्हणजे कंप्युटरचं इंजिन, असं आप्पांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. दोन इंजिनं समोर होती. कंपनी एक, साल एक, दोघांचा वेगही एकच. नावातले चार आकडेसुद्धा तेच. फक्त एकाच्या शेवटी के हे इंग्रजी अक्षर जास्त होतं, आणि त्या एका अक्षरामुळे तो हजार-बाराशेनं महाग होता. शिवाय त्याला बसायला बोर्डही भारीतला लागायचा.

"हे अक्षर कशाचं?" आप्पांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आधीच्या दोन्ही दुकानांत विचारला होता. उत्तर त्यांना माहीत होतं.

मुल्लाणींनी खोकी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "साध्याचा वेग कंपनीनंच बांधून दिलेला असतो, काका. तेवढाच चालतो. हा के वाला मोकळा असतो. आपल्याला पाहिजे तर वेग वाढवता येतो."

"म्हणजे साध्याला गव्हर्नर बसवलाय."

मुल्लाणींना कळलं नाही. आप्पांनी समजावून सांगितलं, की गाडी ठरावीक वेगाच्या वर जाऊ नये म्हणून पंपाला तसं एक यंत्र लावतात. मग ड्रायव्हरनं पाय कितीही दाबला तरी गाडी पुढं ओढत नाही. वरून तार ओवून शिशाचं सील मारतात. "अशी सीलं मी किती मारली असतील, हिशेब नाही," ते म्हणाले आणि आपल्या हातांकडे बघितलं.

"अगदी बरोबर," मुल्लाणी म्हणाले. "पण ताईंच्या कामाला आज दोन्ही सारखेच हो. वेग वाढवलाच नाही तर फरक कळणारसुद्धा नाही."

"सारखेच म्हणू नका," आप्पा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण असा होता की मुल्लाणी जरा मागं सरकले. मी खाली बघितलं. आप्पांना लगेच कळलं असावं, कारण त्यांनी वही उघडली आणि नरम होऊन पुढचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. तापतो किती? जास्त तापला तर काय करतो? मुल्लाणी म्हणाले, तापला की आपला आपण वेग कमी करतो, तरीही नाही भागलं तर बंद पडतो.

"शेजारच्याला जाळत नाही?"

"नाही काका, तसा कधी अनुभव नाही."

"हे तुम्ही सांगताय. ज्याच्या घरात आहे त्याच्याशी बोलता येईल का? वर्षभर वापरलेला कोणीतरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस भाजी घेताना घासाघीस करतो ते मी समजू शकते, पण गिऱ्हाइकानं दुसऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर मागायचा? मुल्लाणींनी मात्र वही काढली, दोन नंबर दिले. एक कागलचा फोटोग्राफर होता आणि एक इचलकरंजीचा, साड्यांची डिझाइनं करणारा. आप्पा चष्मा कपाळावर चढवून दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले आणि फोन लावला.

काचेतून ते मला दिसत होते. एक हात कानावर, दुसरा हवेत. अनोळखी माणसाशी बोलताना ते नेहमी वाकायचे, तसे वाकून बोलत होते.

मुल्लाणींनी मला स्टूल दिलं. म्हणाले, "वडील फार बारकाईनं बघतात."

"पूर्वी असे नव्हते," मी म्हणाले. ते खरंच होतं. आप्पांनी घरातला फ्रिज दहा मिनिटांत घेतला होता. घराचा रंग तर रंगाऱ्याच्या डब्यात उरला होता तोच लावला.

"ताई, तुमचं मत काय? यातला कुठला?"

"आप्पा म्हणतील तो."

"काम तुम्ही करणार ना पण?"

ते सहज बोलले आणि आतल्या खोलीत निघून गेले. मी काउंटरवरच्या दोन खोक्यांसमोर बसून राहिले. माझं मत नव्हतं असं नाही. दीड वर्ष मी कोरींच्या मशीनवर बसत होते. ते कधी आणि कुठं अडतं हे मला पाठ होतं. दोन कॅमेऱ्यांचं चित्रण एकदम पुढं-मागं करायला लागलं, की स्क्रीन गोठायचा. अक्षता पडायच्या त्या हवेतच राहायच्या. मग कोरींनी मेमरीची एक पट्टी जास्तीची बसवली आणि ते बंद झालं. इंजिन तेच होतं. हे मला ठाऊक होतं, पण दोन महिने आप्पा गावभर विचारत फिरले तेव्हा ते मी बोलले नाही. त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची सवय माझी सुटली होती.

आप्पा आत आले. कपाळावर घाम होता. कागलवाला म्हणे मोकळाच घ्या, इचलकरंजीवाला म्हणे काही फरक नाही, उगाच पैसे जातात. आप्पांनी दोन्ही लिहून घेतलं, वहीकडे बघत उभे राहिले आणि मुल्लाणींना म्हणाले, "चहा पिऊन येतो."

कोपऱ्यावर चहाची गाडी होती. शेजारी एका बंद दुकानाची पायरी सावलीत होती, तिथं आम्ही बसलो. आप्पांनी चहा बशीत ओतला आणि फुंकत राहिले. तीन दुकानं, दोन फोन आणि भरलेली वही. माझा धीर संपला होता.

"आप्पा, आणखी किती विचारायचं?" मी म्हणाले. "सगळे तेच सांगतात. दोन्ही सारखेच आहेत."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"असंच मी म्हणालो होतो एकदा," ते म्हणाले. "दोन्ही सारखीच आहेत."

कशाबद्दल ते मला लगेच कळलं, कारण तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि ते वाक्य मी ऐकलं होतं. २००६ साल. एकाच आठवड्यात मला दोन स्थळं आली होती, एक चिकोडीचं आणि एक जयसिंगपूरचं. दोन्ही मुलगे पतसंस्थेत कामाला, दोघांना एकेक बहीण, दोघांची स्वतःची घरं. आप्पा ड्युटीवरून आले, रॉकेलनं हातांचं ग्रीस काढलं, पुसून दोन्ही फोटो बघितले आणि आईला म्हणाले, "दोन्ही सारखीच आहेत. जयसिंगपूरला इथून थेट गाडी आहे." एवढ्यात माझं लग्न ठरलं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

"तुला एक सांगायचं राहिलंय," आप्पा म्हणाले. "तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. सुपारी फुटायच्या आधी कुरुंदवाड डेपोचा एक ड्रायव्हर आला होता गाडी घेऊन. जिनगोंडा म्हणून. माझ्या ओळखीचा. कुठं देताय म्हणाला, मी नाव सांगितलं. तर गप्पच बसला. मग जाताना म्हणाला, मेस्त्री, एकदा त्या गल्लीत येऊन चौकशी करा. मी काही बोलत नाही, पण तुम्ही एकदा या."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"मला कळलं, काहीतरी आहे. जायला पाहिजे हे पण कळलं. पण एक दिवसाची रजा टाकायला लागली असती. त्या आठवड्यात जोतिबाच्या यात्रेच्या जादा गाड्या होत्या. साहेब म्हणाले असते, मेस्त्री, आत्ताच? म्हणून नाही गेलो. मनाला म्हटलं, लोक काय, काहीही बोलतात."

चहावाल्यानं ग्लास मागितले. आप्पांनी माझा अर्धा राहिलेला ग्लास बघून त्याला हातानंच थांब म्हटलं.

"मी रिटायर झालो तेव्हा रजा किती शिल्लक होती, माहीत आहे? दोनशे चाळीस दिवसांचे पैसे दिले त्यांनी. त्याच्या वरच्या तर बुडाल्या. तेच पैसे आहेत हे," त्यांनी शबनमवर हात ठेवला. "एक दिवस लागला असता, शैला."

 ते साधेपणानं बोलत होते, एखाद्या गाडीचा काय बिघाड झाला ते साहेबाला सांगावं तसे.

माझ्या सासरचं मी फक्त आईला सांगितलं होतं, तेही सगळं नाही. माझा नवरा कामाला जाताना बाहेरून कडी लावून जायचा. सासूसासरे शेतावर असायचे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. सुरुवातीला म्हणायचा, दिवस वाईट आहेत. नंतर काही म्हणायचाच नाही. चार वर्षं. खिडकीतून शेजारणीशी बोलले म्हणून खिडकीला पत्रा ठोकला, त्याच आठवड्यात मी निघून आले. कडी लावायला तो एक दिवस विसरला, तेव्हा पायांत चपलाही न घालता स्टँडवर गेले आणि थेट गाडीत बसले.

"आईनं सांगितलं मला, कडीचं," आप्पा म्हणाले. "तू आलीस त्याच रात्री सांगितलं. तेव्हापासून ठरवलं होतं, या पोरीसाठी परत काही आणायचं झालं तर चौकशी केल्याशिवाय आणायचं नाही. आणि बांधलेलं तर काहीच आणायचं नाही."

आता मला त्या वहीचा अर्थ कळला. आणि आणखी एका गोष्टीचा. तीन वर्षं आप्पा जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. मी खोलीत आले की काहीतरी निमित्त काढून उठायचे. पाहुणे आले की मला आत जा असं कोणी म्हणत नव्हतं, पण मीच जायचे, कारण आप्पांचा चेहरा बघवायचा नाही.

"मला वाटत होतं, तुम्हाला माझी लाज वाटते," मी म्हणाले.

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"लाज वाटत होती की," ते म्हणाले. "पण तुझी कशाला वाटेल?"

 रस्त्यावरून एक टेम्पो उसाच्या रसाचा चरक घेऊन गेला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्याऐवजी "काम तुम्ही करणार ना?" हे मुल्लाणींचं मघाचं बोलणं आठवलं, आणि मी बोलायला लागले.

"आप्पा, मला साधाच हवा."

"का? रजेचे पैसे म्हणून ते वाचवू नकोस."

"पैसे वाचवत नाही. वाचतील ते मेमरीत घालू. माझं काम वेगासाठी अडत नाही, मेमरीसाठी अडतं. स्टुडिओत मी रोज बघते." आणि मी त्यांना ते गोठलेल्या अक्षतांचं सगळं सांगितलं. कुठं अडतं, मेमरीची पट्टी बसवल्यावर काय फरक पडला, वेग वाढवला तर किती ताप होतो आणि आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तो कसा परवडणार नाही. एवढं सलग मी त्यांच्याशी त्याआधी कधी बोलले होते, ते मला आठवेना.

ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "पण पुढं लागला तर?"

"लागला तर पुढं बघू."

"आणि तो मोकळा आहे, शैला. हा कंपनीनं बांधलेला आहे."

"असू दे. मला पुरतो."

त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. दोन महिन्यांची वही, आठ-दहा माणसांचं म्हणणं, कागलवाल्याचा फोन, हे सगळं एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला मी. त्यांनी मोकळाच घ्यायचा असं म्हटलं असतं तर मी पुढं काही बोलले नसते, हे त्यांनाही माहीत होतं.

"खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. चुकलं तर माझं चुकेल."

"चुकलं तर..." असं म्हणून ते थांबले. मग त्यांनी वही मिटून शबनममध्ये ठेवली. "बरं," ते म्हणाले. उठता उठता पुढं म्हणाले, "तुझ्या मामानं गोकाकचं एक स्थळ कळवलंय, बिजवराचं. घटस्फोट होईपर्यंत थांबतील म्हणे. मी अजून काही उत्तर दिलेलं नाही. तेही तुझं तूच सांग त्याला. मी मधे नाही."

आम्ही दुकानात गेलो तेव्हा मुल्लाणींनी आप्पांनाच विचारलं, "काय काका, ठरलं का?" आप्पा दारापाशी गेले, तिथल्या स्टुलावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मुल्लाणी क्षणभर गोंधळले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी सांगितलं. साधा प्रोसेसर, त्याला बसेल तो बोर्ड, मेमरी दुप्पट. मुल्लाणींनी मान हलवली. म्हणाले, मलाही असंच सुचवायचं होतं. ते खरं होतं की गिऱ्हाईक खूश करायला म्हणाले ते मला आजही माहीत नाही.

जोडणी करायला दोन तास लागले. आप्पा मात्र तेव्हा उठून काउंटरपाशी आले आणि मुल्लाणींच्या खांद्यावरून शेवटपर्यंत बघत राहिले.

ते मशीन आठ वर्षं चाललं. सव्वाचारशेच्या वर लग्नं मी त्याच्यावर बसून कापली आणि जोडली. वेग कमी पडला असं दोनदा-तीनदा झालं, नाही असं नाही. त्या वेळी आप्पांचा मोकळा घेतला असता तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं. मामांना मी दुसऱ्याच दिवशी फोन करून नाही म्हणून सांगितलं. घटस्फोट व्हायला पुढची दोन वर्षं गेली. कोल्हापूरच्या कोर्टात प्रत्येक तारखेला आप्पा माझ्याबरोबर आले. आता गडहिंग्लजच्या कडगाव रस्त्यावर माझं स्वतःचं एडिटिंगचं दुकान आहे आणि दोन मुली माझ्याकडे काम करतात. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते परतीच्या गाडीतलं. संध्याकाळची गाडी होती. स्क्रीनचं खोकं माझ्या पायांत होतं आणि मशीनचा मोठा डबा आप्पांनी मांडीवर घेतला होता. वरच्या रॅकवर ठेवा म्हटलं तर ऐकेनात. कंडक्टर सुतार म्हणून होते, आप्पांच्या डेपोतलेच. तिकिटं फाडत आमच्यापाशी आले आणि थांबले.

"काय मेस्त्री, टीव्ही घेतला काय नवा?"

"कंप्युटर आहे. शैलानं घेतलाय."

"अरे वा." सुतारांनी तिकिटाचं मशीन काखेत धरलं आणि डब्यावरची चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला. "आमची थोरली पण मागं लागली आहे. बारावी झाली की पाहिजेच म्हणते. मला तर त्यातलं काही कळत नाही. कुठला घ्यावा ओ, मेस्त्री?"

आप्पांनी तोंड उघडलं. दोन महिने गोळा केलेलं सगळं त्यांच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. मग त्यांनी तोंड मिटलं आणि डबा मांडीवर जरा सरळ केला.

"तिला विचारा," ते म्हणाले.

सुतारांनी माझ्याकडे बघितलं. जरा वेळ वाट बघितली, आप्पाच पुढं बोलतील म्हणून. आप्पांनी खिडकीकडे तोंड केलं. मग सुतार पलीकडच्या रिकाम्या सीटच्या दांड्याला टेकून माझ्याकडे वळले, आणि म्हणाले, "सांगा ताई."

मी आधी त्यांना विचारलं, तुमच्या मुलीला त्याच्यावर काय काम करायचंय? त्यांना ते माहीत नव्हतं. मग घरी गेल्यावर पहिल्यांदा तिलाच विचारा, असं मी सांगितलं आणि पुढं बोलत राहिले. कागल मागं पडलं तरी माझं संपलं नव्हतं. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मधे एकदाही बोलले नाहीत, पण झोपलेलेही नव्हते.